चोरी झाली हे कळलं कोणाला? – ‘कैलासातील कारस्थान’विषयी

सनदा, शिलालेख, मोडी कागद वाचणाऱ्या मंडळींनी रहस्यकथेवर टिपण कशाला लिहायचं, असं काही सभासद विचारतील. प्रश्न रास्तच आहे. पण सत्यजित राय यांची एक फेलूदा-कथा थेट आपल्या जुन्या मुलखात, वेरूळला येते. तिचा विषयही मूर्तिचोरी. मूळ बंगाली ‘कैलाशे केलेंकारी’ १९७३ सालची. अशोक जैन यांनी केलेला मराठी अनुवाद ‘कैलासातील कारस्थान’ या नावाने रोहन प्रकाशनाने काढला. मुलांचं पुस्तक म्हणून ते बाजूला ठेवू नये, एवढंच म्हणायचं आहे.

कथेची सुरुवात सांगायला हरकत नाही. चोर कोण ते मात्र सांगणार नाही. रहस्यकथेचं परीक्षण करणाऱ्याने एवढं पथ्य पाळलंच पाहिजे. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या एका यक्षीचं मस्तक कोणीतरी तोडून नेतं. ते एका अमेरिकन गिऱ्हाइकाच्या हाती पडतं. पुढे विमान कोसळतं, गिऱ्हाईक मरतं आणि दगडी मस्तक शाबूत राहतं. त्याचा माग काढत फेलूदा, त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे आणि लेखक लालमोहनबाबू औरंगाबादमार्गे (आताचं छत्रपती संभाजीनगर) वेरूळला पोचतात.

या कथेचं खरं बळ पाठलागात नाही, तक्रारदारात आहे. नेहमीच्या रहस्यकथेत वाड्यात खून होतो, हार चोरीला जातो. मग घरातलं कोणीतरी गुप्तहेराला बोलावतं आणि त्याची फी देतं. इथे तसं घरच नाही. यक्षीला ना वारस, ना वकील. फेलूदाकडे धावत येतात ते सिधू ज्याठा, म्हणजे सिधूकाका म्हणा. पुस्तकांत आणि वर्तमानपत्री कात्रणांत बुडालेला हा म्हातारा माणूस. त्यांचा यात एका पैचा स्वार्थ नाही. पण ते मस्तक त्यांना ओळखता येतं, म्हणून त्यांना राहवत नाही. चोरी पकडली जाते ती फेलूदाच्या रिव्हॉल्व्हरमुळे नव्हे, एका माणसाच्या आठवणीमुळे. गुप्तहेराच्या हुशारीवर उभ्या असलेल्या या साहित्यप्रकारात रायनी मोठेपणाची पहिली खुर्ची वाचणाऱ्याला दिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

काळही लक्षात घ्यावा. पुरावस्तूंचा कायदा संसदेने १९७२ मध्ये केला आणि तो अमलात आला १९७६ मध्ये. कथा या दोहोंच्या मधली. तामिळनाडूतल्या शिवपुरमचा नटराज त्याच सुमारास अमेरिकेत नॉर्टन सायमन यांच्या संग्रहात गेला आणि बराच वाद होऊन १९८६ मध्ये भारतात परत आला. तेव्हा रायनी रंगवलेला व्यवहार हवेतला नव्हता. इथला चोर, मधला दलाल आणि परदेशी गिऱ्हाईक ही साखळी खरोखरच चालू होती.

आणखी एक गंमत. लालमोहनबाबू स्वतः ‘जटायू’ या नावाने धडाकेबाज कादंबऱ्या लिहितात आणि त्यांत चुका करतात. उंट पाणी कुठे साठवतो, इथपासून फेलूदा त्यांना दुरुस्त करत आला आहे. करमणूक करा, पण माहिती तपासून घ्या, हा रायचा आग्रह या थट्टेतून कळतो. मुलं हसत हसत तो उचलतात.

आता उणं काय ते. योगायोग जरा जास्तच. विमान नेमकं तेव्हाच आणि तिथेच पडतं, हे वाचक चालवून घेतो ते केवळ कथेच्या वेगामुळे. दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. कैलास लेणं, म्हणजे १६ क्रमांकाचं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात कळसाकडून पायाकडे कोरत आणलेलं. ते कथेत भव्य दिसतं, पण दिसतं ते पाहुण्याच्या नजरेतून. इथला माणूस येतो तो कामापुरता. पहारेकरी कोण, लेण्यांच्या पायथ्याशी राहणारं गाव काय म्हणतं, हे कळत नाही. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं निघालं. गुलाम याझदानी त्याचे प्रमुख होते आणि अजिंठा-वेरूळची निगा त्या खात्याकडे होती. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. आपल्याला घरचा वाटणारा हा सगळा धागा कथेत नाही. दीडशे पानांच्या आतल्या किशोरकथेकडून तो मागणं जास्तीचं होईल, हे कबूल. पण मूर्ती राखायची असेल तर तिच्या शेजारी राहणारा माणूसही गोष्टीत हवा. भुवनेश्वरचं मस्तक कलकत्त्याच्या सिधूकाकांना ओळखू आलं, हे नशीब. एरवी ते मंदिराच्या वाटेवरच्या माणसाला आधी कळायला हवं होतं.

राजाराणी मंदिर नावाजलेलं, म्हणून त्याची यक्षी कोणाच्या तरी स्मरणात होती. आपल्या गावोगावच्या वीरगळांचं, सतीशिळांचं, पारावरच्या भग्न मूर्तींचं काय? त्यातली एखादी उद्या नाहीशी झाली, तर ती होती हे तरी कोण सांगणार? चोर सापडला की रहस्यकथा संपते. वस्तू परत मागायची, तर ती इथलीच हे दाखवावं लागतं, आणि त्याला जुना फोटो, माप, तारीख लागते.

तेव्हा हे पुस्तक घरातल्या पोरांच्या हाती जरूर द्या. वाचून झालं की ‘चोर कोण?’ असं विचारू नका, ते त्यांना कळलेलंच असतं. ‘चोरी झाली हे कळलं कोणाला, आणि कसं?’ असं विचारा. मग जमलं तर त्यांना घेऊन जवळच्या पारापर्यंत एक चक्कर मारा.