दोनदां ऐकलेली कविता

कविता वाचावी कीं ऐकावी, हा वाद आपल्याकडे जुना आहे, आणि अलीकडे तो पुन्हा निघाला आहे. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतून सायंकाळीं भरणाऱ्या 'ओपन माइक'च्या बैठका, २७ फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिनानिमित्त होणारीं संमेलनें, गणेशोत्सवाच्या मांडवांतले आणि वाचनालयांतले कविकट्टे यांमुळें आपली कविता चारचौघांसमोर उभें राहून म्हणणारीं तरुण मंडळी गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ दिसूं लागली आहेत. यावर सुशिक्षित घरांतून दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हें सारें टाळ्यांसाठीं चाललें असून यांत कवितेचा बळी जातो. दुसरा म्हणतो, कविता कपाटांतून सुटून लोकांत आली, यापरतें भाग्य तें कोणतें? आमच्या मतें दोन्ही पक्ष म्हणणाऱ्याकडेच पाहतात. ऐकणाऱ्याकडे कोणाचेंच लक्ष नाहीं. आणि रोगाचें मूळ तर तेथेंच आहे.

मराठी कविता मुळांत कानाची, हें सांगण्यास पांडित्य लागत नाहीं. ज्ञानेश्वरी नेवासें येथें श्रोत्यांपुढें सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. नवव्या अध्यायाच्या आरंभीं ज्ञानदेव श्रोत्यांकडे 'अवधान' मागतात. ग्रंथाच्या मध्यावर थांबून श्रोत्यांस असें विनविणाऱ्या कवीला, श्रवण हा काव्याचा अर्धा भाग आहे, हें पुरतें ठाऊक होतें. आद्य कवयित्री महदंबा हिचे धवळे हें तर याहून बोलकें उदाहरण होय. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऋद्धिपूर येथें गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडण्यांत आला, त्या प्रसंगीं तिनें रुक्मिणीस्वयंवराचे धवळे रचून म्हटले. मराठी स्त्रीच्या कवितेचा प्रारंभच असा भरल्या मेळाव्यांत झाला.

हा 'धवळे' शब्द ग्रंथांतून आपण जपला, तसा ठाणें जिल्ह्याच्या खेड्यांनीं तो तोंडांत जपला. म्हणून या चर्चेंत आम्ही वाचकांस भिवंडी तालुक्यांतील गणेशपुरीकडे नेऊं इच्छितों. गणेशपुरी म्हटलें कीं उष्णोदकाचीं कुंडें, शेजारची वज्रेश्वरी आणि १९६१ सालीं समाधिस्थ झालेले स्वामी नित्यानंद आठवतात. आम्हांस मात्र त्या परिसराचें महत्त्व आणखी एका कारणासाठीं वाटतें. तेथें आणि आसपासच्या पांच-दहा कोसांत कविता ऐकण्याच्या तीन जुन्या रीति एकमेकींच्या शेजारीं नांदत आल्या आहेत.

पहिली रीति मंदिरांतल्या भजनाची. बुवा एक चरण म्हणतात, टाळकरी तोच उचलून धरतात, आणि प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद परत येतें. तेथें नुसता श्रोता असा कोणी नसतोच; ऐकलेलें लगेच स्वतःच्या तोंडीं घ्यावें लागतें. दुसरी रीति लग्नघरची. आगरी समाजांत धवलारीण लग्नाचे विधि गाण्यांनीं चालविते, आणि वारली घरांत भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला जातो तेव्हां धवलेरी गाते. तींच गाणीं घरोघर, पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलीं. त्यांत शब्द चुकला तर कोपऱ्यांतली एखादी आजी तो सांवरून घेईल. ही चाल आतां विरळ होत चालली असली तरी समूळ गेलेली नाहीं. तिसरी रीति यंत्रमागांच्या भिवंडी शहरांतल्या उर्दू मुशायऱ्याची. शायर शेराचा पहिला मिसरा म्हणतो, तोच पुन्हा म्हणतो. सभा तो मनांत तोलते. मग दुसरा मिसरा येऊन अर्थ पुरा करतो. शेर मनास भिडला तर सभा 'मुकर्रर' म्हणून तो फिरून मागून घेते.

भजन, धवळे आणि मुशायरा यांचा धर्म निराळा, भाषा निराळी, प्रसंग निराळा. परंतु एका गोष्टींत तिन्ही एकरूप आहेत: ओळ एकदां ऐकवून कोणी पुढें जात नाहीं. यांत मोठें व्यवहारज्ञान आहे. पहिल्या श्रवणांत नाद कळतो, दुसऱ्यांत अर्थ. पुस्तक वाचणाराला ही सोय आपोआप मिळते. ओळ अडली तर तो मागें जातो, पान उलटून पुन्हा वाचतो. श्रोत्याला मागें जातां येत नाहीं, म्हणून ओळीनेंच परत यावें लागतें. ध्रुपद, पालुपद, रदीफ हीं सारीं या परत येण्याचींच रूपें होत.

आधुनिक काळांत आपल्या सभांनीं ही गोष्ट कितपत सांभाळली? १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्यास 'बालकवि' ही पदवी दिली, हें प्रसिद्धच आहे. एका श्रवणांतहि खरा कवि ओळखतां येतो, असें त्यावरून कोणी म्हणेल. परंतु ती सभा कवींची होती. कान तयार होते. पुढें १९२३ सालीं पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झालें, आणि यशवंत, गिरीश, माधव जूलियन यांनीं काव्यगायनानें कविता मध्यम वर्गाच्या घरांत नेली. चालीच्या गोडीखालीं पातळ शब्द खपून जातात, असा आक्षेप त्यांजवर पुष्कळांनीं घेतला, आणि अत्र्यांनीं 'झेंडूचीं फुलें' या विडंबनांतून त्या काळच्या कवींची यथेच्छ थट्टा केली. आक्षेपांत तथ्य होतें. परंतु चालीनें एक उपकारहि केला, तो टीकाकार विसरतात. चाल कवितेला घरीं घेऊन गेली. सभा संपल्यावर ती चार ठिकाणीं गुणगुणली गेली, आणि गुणगुणतां गुणगुणतां पातळ होती ती विरून गेली, कसदार होती ती उरली. निवडीचें हें काम पुनरुक्तीनें केलें.

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर या त्रयीनें पुढें गांवोगांव काव्यवाचन केलें, तेव्हां चालीचा आधार मागें पडला; म्हणण्याची ढब, विराम आणि आवाज यांवर सारें उभें राहिलें. तरीहि कविता एका संध्याकाळीं संपली नाहीं, कारण पाठीशीं पुस्तकें होतीं. ऐकणारा वाचणाराहि होता.

आतांच्या बैठकांकडे वळूं. या प्रथेचा एक उगम शिकागो शहरांत आहे. तेथें मार्क स्मिथ या बांधकामावर काम केलेल्या कवीनें १९८६ सालीं एका जाझ संगीताच्या अड्ड्यावर कवितेचे सामने सुरू केले. श्रोत्यांतूनच परीक्षक निवडावे, त्यांनीं दहापैकीं गुण द्यावे, असा त्यांचा नियम. पुढें प्रत्येकास सुमारें तीन मिनिटें अशी मर्यादाहि रूढ झाली. विद्यापीठांत कोंडलेल्या कवितेला त्यानें मोकळी हवा दिली, हें मान्य केलें पाहिजे. आपल्याकडील बैठकांत बहुधा गुण देत नाहींत. पण घड्याळ तेंच आहे. एका सायंकाळीं वीस-पंचवीस जण, प्रत्येकास कांहीं मिनिटें, एक टाळी, आणि पुढचा.

अशा एकवेळच्या श्रवणांत कोणती कविता जिंकते? पहिली कोटीची, कारण कोटी दुसऱ्यांदा ऐकण्याची गरजच नसते. दुसरी आक्रोशाची, कारण आवाज चढला कीं अर्थाची चौकशी करण्याचें धैर्य कोणास होत नाहीं. तिसरी सर्वांस आधींच मान्य असलेल्या मताची. हरते ती कविता, जी हळूच वळण घेते. मर्ढेकरांचें उदाहरण पाहा. 'कांहीं कविता' १९४७ सालीं प्रसिद्ध झाल्या, तेव्हां दुर्बोधतेची केवढी ओरड झाली! पण त्यांतील पुष्कळ रचना ओवी-अभंगाच्या ओळखीच्या सांच्यांत आहे. कान तिला आधीं धरून ठेवतो, अर्थ मागाहून उलगडतो. अशा कवीला आजच्या बैठकींत तीन मिनिटें दिलीं, तर सभ्यपणाची एक टाळी मिळून तो विसरला जाईल. आणि हें पाहून शेजारीं बसलेला नवा कवि कोणता धडा घेईल, हें सांगावयास नको. श्रोते जें मागतात तेंच कवि लिहूं लागतात.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही फार गंभीर मानतों. ज्यांना छापखान्याचें दार उघडलें नाहीं, त्यांना व्यासपीठ हेंच दार होतें. वामनदादा कर्डकांचीं गाणीं मेळाव्यांतून वस्त्यावस्त्यांत गेलीं. शाहीर अमर शेखांचा डफ कामगारांच्या सभांत वाजला. नारायण सुर्व्यांची कविता त्यांच्या तोंडून ऐकणें हा अनेकांना निराळाच अनुभव वाटला. उद्यां गणेशपुरीच्या एखाद्या शाळेंतली मुलगी आगरी किंवा वारली बोलींत आपली कविता म्हणावयास उभी राहिली, तर तिला तुम्ही नियम सांगणार काय?

नाहीं, नियम आम्हांला तिच्या श्रोत्यांस सांगावयाचे आहेत. तिची बोली सभेंतल्या निम्म्या लोकांच्या कानाला नवी असेल. एकदां ऐकून त्यांना तिच्या बोलीची गंमत तेवढी कळेल, आणि गंमत म्हणूनच ते टाळी देतील. त्या टाळीनें तिचा सन्मान होत नाहीं. कविता न ऐकतांच तिला निरोप दिला जातो. 'पुन्हा म्हण' असें जी सभा म्हणेल, तीच तिला आपल्यांत घेईल. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती; जात्यावर आणि शेतांत त्या गात राहिल्या, सोपानदेवांनीं तें उतरून घेतलें, आणि १९५१ सालीं त्या निवर्तल्यावर पुढच्या वर्षीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तें पुस्तकरूपानें आलें. तिला लाभलेला पहिला श्रोता घरचा होता आणि पुनःपुन्हा ऐकणारा होता, म्हणून आपण आज तिचें नांव घेतों.

यास्तव आमची सूचना साधी आहे. वाचनालयांनीं, मंडळांनीं, शाळांनीं कवितेची संध्याकाळ जरूर करावी; परंतु कवींची संख्या निम्मी करावी आणि प्रत्येक कविता दोनदां म्हणवावी. दोन वेळांच्या मध्यें घटकाभर शांतता असूं द्यावी. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर एखाद्या श्रोत्यानें लक्षांत राहिलेली ओळ बोलून दाखवावी. आणि कोणाच्याच कांहीं लक्षांत राहिलें नसेल, तर तीहि समीक्षाच समजावी. बक्षिसें आणि गुण यांची आवश्यकता नाहीं. कवितांचा एक कागद श्रोत्यांबरोबर घरीं जाऊं द्यावा, म्हणजे तिसऱ्यांदा त्या मुलांबाळांत वाचल्या जातील. दोनदां ऐकल्यावर ज्या कविता कंटाळवाण्या वाटतील, त्यांचा शोक करण्याचें कारण नाहीं. ज्या दुसऱ्यांदा अधिक गोड लागतील, त्या हातीं लागण्यासाठींच ही सारी खटपट करावयाची.