नटाच्या गळ्यातलं रॉक

मराठी रॉकचं दुखणं शब्दांत आहे. गिटार आणि ड्रम जीव ओतून वाजवणारी मुलं पुण्या-मुंबईत आहेत, आमच्या नगर-भिंगारलाही आहेत. पण गाणं सुरू झालं की वाद्यांखाली मराठी बुडते. ठेका इंग्रजी गाण्यांवरून उचललेला, त्यातले आघात ठरलेले; मात्रांवर चालणारी आपली भाषा त्यात कशीतरी कोंबली जाते. दीर्घ अक्षर आखूड होतं, जोडाक्षर गिळलं जातं. डफ-तुणतुण्याच्या कडकडाटातही शाहिराचा एक शब्द वाया जात नाही, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना ही पडझड फार टोचते. म्हणूनच रंगमंचावरचा नट रॉक गायला उभा राहिला की मी कान देऊन ऐकतो. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं हे त्याचं रोजचं काम असतं.

या वाटेवरचं मोठं नाव नंदू भेंडे यांचं. आत्माराम आणि आशा भेंडे यांच्या घरात नाटक होतंच. १९७४ साली अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक ऑपेरात ते जूडास झाले. ही कलाकृती मुळात १९७० साली अल्बम म्हणून आली आणि पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर उभी राहिली. मग १९७८ साली पुलंनी ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’वरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं. थिएटर अकॅडमीच्या त्या प्रयोगाचं दिग्दर्शन जब्बार पटेलांचं होतं आणि त्यातला नायक अंकुश होते नंदू भेंडे. नाट्यपद, तमाशा आणि पाश्चात्य ढंग एकाच रंगमंचावर नांदले. माझ्या मते मराठी रॉकला त्या वेळी खरी जमीन मिळाली होती, कारण गाणाऱ्याला गाण्याचं कारण होतं. पात्र गात होतं. पुढच्या अनेक बँडनी आवाज घेतला, हे कारण मात्र मागेच राहिलं.

अल्बममध्ये नटाची परीक्षा वेगळी असते. नाट्यगृहात आवाज फेकायचा असतो; ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वीतभर अंतरावर असतो. रंगमंचावरची फेक तिथे आरडाओरडा वाटते. ही अडचण नवी नाही: रात्रभर रंगणाऱ्या संगीत नाटकांतली पदं ७८ गतीच्या तबकडीवर तीनेक मिनिटांत बसवताना बालगंधर्वांच्या पिढीलाही गाणं नव्याने बांधावं लागलं होतं.

मायक्रोफोनपुढे लागणारा संयम कसा असतो याचा एक दाखला आमच्याच तालुक्याशी जोडलेला आहे. ‘द हू’ या इंग्लिश रॉक बँडचा पीट टाउनशेंड आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांचा भक्त. १९७२ साली तो अरणगावच्या मेहेराबादला येऊन गेला आणि त्याच वर्षी त्याचा पहिला एकल अल्बम आला, ‘हू केम फर्स्ट’. त्यातलं ‘परवरदिगार’ बाबांच्या प्रार्थनेवर रचलेलं आहे. स्टेजवर गिटार फोडणारा हा माणूस इथे बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवतो आणि एकाच श्रोत्यासाठी गावं तसा गातो. टाउनशेंड नट नव्हे. पण पहिला अल्बम करणाऱ्या प्रत्येक नटाने ही तबकडी ऐकावी.

नगरच्या एकांकिका स्पर्धांतून दरवर्षी ताकदीचे आवाज पुढे येतात. त्यांनी उसना इंग्रजी हेल सोडावा, मराठीतच चाल बांधावी, गीतकाराला तालमीला बसवावं आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी गिटारवाल्याला सांगावं, ओळ पुरी होईपर्यंत थांब.