चितळकरांचा उसना ठेका

सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर (१९१८–१९८२) नट, गायक, संगीतकार, निर्माते असे सर्व कांहीं झाले. पाश्चात्त्य ठेका आणून त्यांनीं आपलें संगीत बाटविलें, हा आक्षेप जुना आहे. रसिकांनीं १९५१ चा 'अलबेला' व १९५३ चा 'अनारकली' शेजारीं ठेवून पाहावे. एकांत बोंगो व क्लॅरिनेट नाचतात, दुसऱ्यांत करुण स्वर संयमानें वाहतो. दोहोंतही चाल शब्दार्थास सोडीत नाहीं. १९५७ च्या 'आशा'मधील निरर्थक शब्दांच्या गाण्यांत ठेक्याची चटक वरचढ झाली, हें कबूल. तथापि आमच्या विदर्भांतच, नागपुरास, त्यांनीं रागदारीची तालीम घेतली होती. तो पाया पक्का, म्हणूनच उसनें घेतलेलें त्यांच्या हातीं आपलें झालें. त्यास बाटणें कसें म्हणावें?