साड्या ६४, ब्लाउज तीन

गेली तीस वर्षं मी नाटकांवर लिहिते आहे. त्यामुळे 'उतारवयातला समारंभी पोशाख' ह्या विषयावर बोला, असा आयोजकांचा फोन आला तेव्हा वाटलं, ह्यांचा नंबर चुकला. (हशा) मग आठवलं, की नाटकातले कपडे बघताना मी एक गोष्ट कायम तपासते. ह्या कपड्यात नटाला बसता येतंय का, वळता येतंय का, पायरी चढता येतेय का? येत नसेल, तर तो कितीही भरजरी असू दे, पोशाख फसला. आज हीच कसोटी आपल्या कपाटाला लावून बघू.

सुरुवात घरापासूनच करते. माझी थोरली बहीण ७१ वर्षांची आहे. मधे तिनं लग्नामुंजींना जाणं बंद केलं. कधी गुडघे दुखतात, कधी ऊन फार आहे, कधी 'तुम्हीच या जाऊन'. एकदा दुपारी तिच्या पलंगावर बसून आम्ही कपाट उपसलं. साड्या निघाल्या ६४. आणि अंगात जाणारे ब्लाउज तीन, त्यातला एक पांढरा. त्याआधी वर्षभर तिचा उजवा खांदा आखडला होता, हात कानापर्यंत जात नव्हता. दंड भरले होते, पाठ थोडी पुढं आली होती. पण 'मला ब्लाउज होत नाहीत' असं काही ती कुणाला म्हणाली नाही. 'ह्या वयात कशाला बाई नटायचं' असं म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी तिला समजूतदार ठरवून टाकलं. मीसुद्धा.

आता बघा, साडी हे मोठं हुशार वस्त्र आहे. साडेपाच मीटर कापड, त्याला माप म्हणून नाही. अंग सुटलं तर एक निरी कमी, वजन उतरलं तर दोन जास्त. पंचविशीत घेतलेली साडी सत्तरीत जशीच्या तशी नेसता येते. शरीराचं सगळं वय येऊन बसतं ते ब्लाउजवर. तरी आपण आयुष्यभर पैसे घालतो साडीत, आणि ब्लाउज 'देऊ कुठंतरी शिवायला' म्हणून उरकतो.

ह्यात माझा खरा राग आहे तो 'मॅचिंग'वर. हल्ली साडीलाच ब्लाउजपीस जोडून येतो. म्हणजे एका साडीला एकच ब्लाउज, आणि तो ब्लाउज त्या एकाच साडीचा. ६४ साड्या म्हणजे ६४ ब्लाउज, आणि अंग बदललं की सगळे एकदम बाद. आपल्या आज्यांचं असं नव्हतं. लुगडं वेगळं घ्यायचं, चोळीचा खण वेगळा. गुळेदगुड्डचा खण चोळीसाठीच विणला जायचा, आणि एक खणाची चोळी तीन-चार लुगड्यांवर सहज चालायची. गरिबीतून आलेली सोय असेल ती, पण सोय पक्की होती. आज तोच हिशेब करा. पाच साड्या आणि त्या पाचांवरही चालतील असे चार ब्लाउज घेतले, तर वीस जोड होतात. वर्षाला समारंभ किती असतात आपल्याला? सात? आठ?

तेव्हा ब्लाउजवर खर्च करा. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी 'माया' म्हणतात. भाषेनं एवढा सुंदर शब्द फुकट दिलाय, तो वापरा. दोन्ही बाजूंना भरपूर माया सोडायला सांगा, बाहीतसुद्धा. बाही कोपरापर्यंत, मुंढा सैल, हूक पुढून. आणि घालून बघताना आरशासमोर पुतळ्यासारखं उभं राहू नका. अक्षता टाकतो तसा हात वर करा. काखेत ओढलं गेलं तर तिथंच परत द्या. लाजू नका, पैसे आपलेच असतात.

आता पैठणी. मला ठाऊक आहे, इथं अर्ध्या सभागृहाच्या घरी ती आहे. विणकामात तिला तोड नाही. पदरावरचा मोर, मुनिया हाताने धागे गुंतवत विणलेले असतात, उलट-सुलट दोन्हीकडून सारखे. पण तिचा आपण देव करून ठेवलाय. २००४ पासून 'होम मिनिस्टर'नं तिला बक्षीस केलं, आणि त्याच्याही आधीपासून ती ठेव होतीच. शांता शेळके यांची 'पैठणी' कविता तुम्हाला आठवत असेल. जपून ठेवलेल्या पैठणीच्या स्पर्शातून नातीला आजी भेटते. कविता उत्तमच आहे. आपण मात्र तिच्यातली जपणूक तेवढी उचलली, आजीनं ती आधी अंगावर नेसली होती हे विसरलो. भरल्या जरीचा पदर तीन तास खांद्यावर वागवणं सत्तरीत जड जातं, हे कबूल. मग संध्याकाळच्या रिसेप्शनला तासभर नेसा, पण नेसा. घडीतच राहिली तर जर मोडते ती घडीवरच. मऊ सुती कापडात गुंडाळा, मधूनमधून घड्या बदला, अत्तर जरीवर उडवू नका. बाकी काही नाही.

माझी स्वतःची दिवसभराच्या लग्नाची साडी म्हणजे महेश्वरी. अहिल्याबाई होळकरांच्या गावची. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, त्यामुळे चमक येते आणि ओझं होत नाही. तिचा बुगडीकाठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. पंगतीत मठ्ठा सांडला, तर आत जाऊन उलटी नेसून यायची. (हशा) केलंय मी हे. दुसरी इरकल. जुन्या पद्धतीच्या इरकलीचं अंग सुती, पदर रेशमी, आणि दोन्हीकडचे उभे धागे मागावरच फासांनी एकमेकांत अडकवलेले. तिच्यावर काळ्या खणाचा ब्लाउज घाला, कुठल्याही व्यासपीठावर बसा. शिवाय एक साधं रेशीम, एक चंदेरी, आणि घरात असेल ती पैठणी. झाल्या पाच.

पुरुषांचं लवकर सांगते, कारण त्यांचं सोपं आहे. खांद्यात नीट बसणारं एक बंद गळ्याचं जाकीट, दोन झब्बे, आणि वाकल्याशिवाय घालता येतील अशा चपला. मुलाच्या लग्नातला सूट कुणाला तरी देऊन टाका. पोटाचं बटण आता लागणार नाही.

रंगाबद्दल मात्र जरा थांबते. माझे मेहुणे गेले, आणि पुढच्या वर्षभरात बहिणीला आहेरात आलेल्या साड्या मी बघितल्या. बिस्किटी, राखी, फिकट जांभळी, पुन्हा बिस्किटी. कुणी काही बोललं नव्हतं. सगळ्यांनी प्रेमानंच, 'सोबर' बघून घेतल्या होत्या. तिला आवडतो डाळिंबी आणि चिंतामणी. ते रंग नेसायची तिला कुणी बंदी केली नव्हती, फक्त ते तिच्याकडे येणं बंद झालं होतं. वयाला शोभेल असं म्हणताना आपण नेमकं कुणाच्या डोळ्यांची सोय बघतो? आणि समीक्षक म्हणून सांगते, मंगल कार्यालयाच्या पांढऱ्याफटक दिव्यात बिस्किटी रंगासमोर सावळा चेहराही आजारी दिसतो.

आम्ही दोघींनी मिळून तिच्यासाठी चार ब्लाउज शिवून घेतले. एक डाळिंबी, एक चिंतामणी, एक काळा खण, एक जुन्या सोन्याच्या रंगाचा. चेहऱ्याजवळ येतो तो ब्लाउजच. त्या बिस्किटी साड्याही तिच्यावर उजळल्या. ह्या मार्गशीर्षात भाचीच्या लग्नात ती सकाळी सीमांतपूजनापासून ते झालीपर्यंत बसली होती, इरकल नेसून. गुडघे दुखतच होते.

माझी वेळ संपली, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाईंचा हात वर दिसतोय, चांगला सरळ वर. कुणाकडे शिवता तेवढं आधी सांगा, मग विचारा. (हशा, टाळ्या)