तक्त्यातला आकडा आणि त्यामागचे विज्ञान

रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसे तयार करणे हा अमेरिकेतला जुना छंद आहे. कोणत्या गोळीमागे कोणती दारू किती ग्रेन भरावी, याचे तक्ते देणारी जाडजूड पुस्तके तेथे निघतात. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) आपल्या शिक्षकांना या छंदाशी कर्तव्य नाही. परंतु प्रयोगाचे निष्कर्ष तक्त्यात कसे मांडावेत आणि कसे मांडू नयेत, हे पाहण्यासाठी ही पुस्तके आम्हाला उद्बोधक वाटली.

आधी गुण सांगू. आकड्याबरोबर नळीची लांबी, गोळीचे वजन, पुंगळी आणि टोपी यांची नोंद असते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत परिस्थितीची इतकी नोंद क्वचितच आढळते. कमी मात्रेपासून सुरुवात करा, दारू परस्पर बदलू नका, असेही बजावलेले असते. मात्र ‘का?’ याचे उत्तर पुरेसे मिळत नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

उत्तर अवघड नाही. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ साली धूरविरहित दारू तयार केली. अशा दारूचा कण पृष्ठभागाकडून आत जळत जातो आणि दाब वाढला की ज्वलनाचा वेगही वाढतो. वेग वाढला की वायू अधिक, म्हणून दाब आणखी अधिक! गोळी पुढे सरकून जागा मोकळी करते, तेवढाच त्याला आळा बसतो. म्हणूनच मात्रा दहा टक्के वाढवली तर दाबही दहाच टक्के वाढेल, हे त्रैराशिक येथे लागू पडत नाही.

दुसरा दोष क्रमवारीचा. दारूंची यादी ज्वलनवेगाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. पण वर्गात पहिल्या आणि दुसऱ्या विद्यार्थ्यात एका गुणाचे अंतर असेल किंवा तीस गुणांचे, ते नुसत्या क्रमांकावरून कसे कळणार? नावही फसवे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली तोफेची दारू ब्रूस हॉजडन यांनी ४८३१ या क्रमांकाने विकली. पुढे १९७०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीची आयएमआर ४८३१ आली. क्रमांक तोच, पण ही दारू अधिक वेगाने जळते. पहिलीची कमाल मात्रा दुसरीला लावणे म्हणजे अपघाताला निमंत्रण.

तिसरा दोष एककांचा. ‘.३०-०६’ या काडतुसाची दाबमर्यादा तांब्याचा लहान दंडगोल किती चेपला यावरून मोजली तर ५०,००० येते, पिझोविद्युत संवेदकाने ६०,००० पौंड प्रति चौरस इंच. प्रत्यक्ष दाब बदललेला नाही. क्षणभराचे शिखर तांब्याला पुरते पकडता येत नाही, इतकेच. हा खुलासा नसेल, तर जुना व नवा तक्ता शेजारी ठेवणारा वाचक फसणारच.

आकडा पाठ करता येतो. पण तो कोठे लागू नाही, हे कारण समजल्याशिवाय कळत नाही. वर्गात फळ्यावर तक्ता लिहिताना आपणही हे पथ्य पाळावे, असे आम्हाला वाटते.