कोकिळेची साक्ष

आपल्या वाङ्मयात कोकिळेइतका मान क्वचितच दुसऱ्या एखाद्या पाखराला मिळाला असेल. वसंत आला की कवी तिला आंब्याच्या फांदीवर बसवितो, पंचम लावावयास सांगतो, आणि विरहिणीच्या दुःखाचा दोष तिच्या माथी मारून मोकळा होतो. हे सारे संकेत म्हणून चालून जाईल. परंतु याच पाखराला साक्षीस बोलावून एखाद्या माणसाविरुद्ध निकाल दिला जातो, त्या वेळी साक्षीदार कोण आणि त्याचे प्रत्यक्ष आचरण काय, हे तपासून पाहणे टीकाकाराचे काम ठरते. आमचा व्यवसाय वकिलीचा. उलटतपासणी झाल्यावाचून साक्ष ग्राह्य धरण्याची आम्हांस सवय नाही.

प्रथम लोकांचा कान कसा असतो ते पाहू. माळव्यात धारच्या पश्चिमेस तिरला नावाचे गाव आहे. याच मुलखात, अमझेऱ्याजवळ, इ. स. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजीअप्पांच्या फौजेने माळव्याच्या मोगल सुभेदाराचा पराभव केला. पुढे धार व देवास येथे पवारांची राज्ये स्थिरावली आणि त्यांच्या आश्रयाने मराठी घराणी तेथे नांदू लागली. त्यामुळे या भागात एकाच पाखराची हाक दोन भाषांत ऐकू येते. मृगाच्या आधी पावशा ओरडू लागला की मराठी कान ‘पेरते व्हा’ असे ऐकतो; हिंदी बोलणारा शेजारी त्याच हाकेत ‘पी कहाँ’ असे ऐकतो. एकास तिफण आठवते, दुसऱ्यास दूरदेशी गेलेला जिवलग. उन्हाळ्याने बेजार झालेल्या इंग्रज साहेबाने तर त्याच सुरात ‘ब्रेन फीवर’, म्हणजे मस्तकात चढलेला ताप, ऐकला. पाखरू तेच, हाकही तीच. ज्याला ज्याची वाण, त्याला ते ऐकू आले. पाखराच्या साक्षीत ऐकणाऱ्याचे मन किती मिसळलेले असते, याचा याहून सोपा पुरावा मिळावयाचा नाही.

आता साक्षीदाराचे कुळ. कोकिळ, पावशा आणि पावसाबरोबर येणारा चातक हे तिघेही एकाच कुळातले, आणि तिघांचीही रीत एकच. घरटे बांधावयाचे नाही, अंडे दुसऱ्याच्या घरट्यात घालावयाचे. कोकिळेची अंडी बहुधा कावळ्याच्या घरट्यात, पावशा व चातक यांची सातभाईंच्या घरट्यात. कोकिळेचे अंडे कावळीच्या अंड्याहून लहान, पण रंगाने पुष्कळसे मिळते. ते उबून फुटतेही आधी. युरोपातील कोकिळेचे पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटते, हे एडवर्ड जेन्नर या देवीच्या लशीमुळे प्रसिद्ध झालेल्या वैद्याने १७८८ साली प्रसिद्ध केले. आपल्या कोकिळेचे पिल्लू तसे करीत नाही. कावळ्याची पिल्ले त्याच्यासोबत वाढलेलीही आढळतात. आणि याच कुळातला भारद्वाज, ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो, तो मात्र स्वतःचे घरटे बांधून स्वतःची पिल्ले स्वतः वाढवितो. तेव्हा कुळावरून शील ठरविणाऱ्यांनी येथेच थोडे थांबावे.

आणखी एक गोष्ट. तो चढत जाणारा ‘कुहू कुहू’ नराचा. नर काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज म्हणजे तुटक, कर्कश ‘किक् किक्’. मराठी कवितेत जिचे गाणे आपण इतके वाखाणतो, ती कोकिळा गातच नाही. व्याकरणातले स्त्रीलिंग आपण निसर्गावर लादले आणि नराची कीर्ती मादीच्या नावे जमा केली. मादीने जे खरोखर केले, त्याचे मात्र दूषण तिच्याकडेच राहू दिले.

जुन्या लोकांचे निरीक्षण असे ढिले नव्हते. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत कोकिळासाठी ‘अन्यवाप’ असा शब्द आहे. अन्यवाप म्हणजे दुसऱ्याकडे पेरणारा. जेन्नरच्या कितीतरी शतके आधी ही गोष्ट कोणी तरी पाहिली आणि एका शब्दात नोंदविली. संस्कृत कोशांनी तर तराजू नीट धरला आहे. कोकिळ तो ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. आणि कावळा तो ‘परभृत्’, म्हणजे दुसऱ्याला पोसणारा. एका स्वराचा फरक, पण त्यात पोसणाऱ्याचाही मान राखला आहे. हा मान नंतर सुटला. पितृपक्षात कावळ्याने घास शिवावा म्हणून आपण हात जोडून ताटकळत उभे राहतो, आणि एरवी कोकिळेकडून फसला म्हणून त्यालाच मूर्ख म्हणतो. परक्याच्या पिल्लाला भरविणाऱ्या पाखराला मूर्ख म्हणणारी भाषा आपल्या घरातल्या पोसणाऱ्यांविषयी काय म्हणत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता मुख्य खटला. कोकिळेला माणसाविरुद्ध साक्षीस उभे केल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकात आहे. दुष्यंताच्या दरबारात गर्भवती शकुंतला उभी आहे. गौतमी सांगते की ही मुलगी तपोवनात वाढली, हिला कपट ठाऊक नाही. त्यावर राजा उत्तर देतो, त्याचा आशय असा: स्त्रियांचे चातुर्य शिकविल्यावाचूनच येते; कोकिळाच पाहा, आपली पिल्ले उडू लागेपर्यंत ती दुसऱ्या पाखरांकडून पोसून घेते. हा युक्तिवाद ऐकणाऱ्याला चटकन पटतो, आणि म्हणूनच तो घातक आहे. या प्रसंगाकडे राजाच्या कठोरपणाचा नमुना म्हणूनच पाहिले जाते. राजाचा पुरावा मात्र सहसा कोणी तपासत नाही.

तो तपासला की उलटतो. कोकिळा आपले अपत्य परक्याच्या घरी ठेवून निघून जाते. शकुंतला आपले अपत्य त्याच्या स्वतःच्या पित्याकडे घेऊन आली आहे. दुसऱ्याच्या आश्रमात बीज ठेवून राजधानीस परत गेला आणि विसरला, तो त्या दरबारात एकच मनुष्य आहे, आणि तो सिंहासनावर बसला आहे. वेदातला ‘अन्यवाप’ हा शब्द तेथे कोणाला लागू पडत असेल, तर तो दुष्यंताला. विसरण्याचे कारण दुर्वासाचा शाप, हे आम्हांस मान्य आहे. शापाने त्याचा अपराध सौम्य होईल, पण त्याची उपमा खरी ठरत नाही. फसवणुकीच्या आरोपास हेतू सिद्ध करावा लागतो. पाखराला हेतू नाही, आणि शकुंतलेपाशी तो कोठेही दिसत नाही.

कालिदासाला हे ठाऊक नव्हते काय? आमच्या मते पुरते ठाऊक होते. गाणारे पाखरू नर असते हेही त्याला ठाऊक होते. ‘पुंस्कोकिल’ हा शब्द तो योजतो, या नाटकाच्या सहाव्या अंकातही योजतो. त्याच अंकात उद्यानातल्या एका दासीचे नाव त्याने ‘परभृतिका’ ठेवले आहे. चौथ्या अंकात शकुंतला आश्रम सोडते तेव्हा कण्व वृक्षांकडे तिच्यासाठी निरोप मागतो, आणि त्या वेळी ऐकू आलेला कोकिळाचा स्वर हीच वृक्षांची संमती मानली जाते. म्हणजे एका अंकात ज्या पाखराने तिला आशीर्वाद दिला, त्यालाच पुढच्या अंकात राजा तिच्याविरुद्ध उभे करतो. एवढी जवळची योजना सहज झालेली नसते.

पण कवीचा खरा निकाल कथेतच आहे. शकुंतला स्वतः परभृत आहे: मेनकेने टाकलेली, शकुंत पाखरांनी सांभाळलेली म्हणून त्या नावाची, आणि कण्वाने वाढविलेली. तिचा मुलगा सर्वदमन तोही परभृत: मारीच ऋषीच्या आश्रमात, पित्याच्या छत्रावाचून वाढलेला. सातव्या अंकात राजा त्याच मुलापुढे येऊन उभा राहतो. आणि तो मुलगा म्हणजे भरत, ज्याच्या नावाने आपण आपला देश ओळखतो. ज्या शब्दाने राजाने स्त्रीला हिणविले, त्याच शब्दाला कवीने अखेर राष्ट्राच्या मूळपुरुषाच्या पंगतीस बसविले. देवळात ज्याची यशोदेचा पुत्र म्हणून आपण आरती करतो, त्या देवकीनंदनाविषयी येथे निराळे सांगावयास नको.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांचा वाद आहे. काही ठराव नसता दुसऱ्याच्या शेतात पेरले, तर पीक शेतवाल्याचे, असा तेथे कौल दिला आहे. त्या न्यायाने कोकिळेचे पिल्लू कावळ्याचे ठरेल. उलट १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याला दत्तविधानासाठी प्रत्यक्ष देणे आणि घेणे लागते. येथे देणारी सांगत नाही आणि घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून त्या न्यायाने तो दत्तकही नव्हे. पाखरांना आमचे कायदे लागू नाहीत, हेच यातून घ्यावयाचे; आणि पाखरांचे वर्तन माणसांना कायदा म्हणून लावू नये, हेही.

मग लोककथेतली कोकिळा टाकून द्यावी काय? मुळीच नाही. अधिक आषाढ येतो त्या वर्षी, जसा तो १९९६ आणि २०१५ साली आला होता, कोकिळाव्रत करण्याची चाल आहे. दक्षाच्या यज्ञात देह टाकलेली सती कोकिळा झाली, अशी त्यामागची कथा. व्रत करणारी स्त्री कोकिळेचा स्वर कानी पडल्यावाचून अन्न घेत नाही. तो स्वर नराचा असतो, हे सांगून व्रताची थट्टा करण्याचा मोह आम्हांस होत नाही. या व्रताला कवितेतली कोकिळा चालत नाही, झाडावरचीच लागते. आणि ती ऐकण्यासाठी उपाशी बसावे लागते. एवढे चित्त देऊन आमच्या कवींनी व टीकाकारांनी ते पाखरू ऐकले असते, तर पुष्कळ वर्णने लिहावयाची राहिली असती, आणि दुष्यंताचा पुरावा कोणी न तपासता स्वीकारला नसता.

गोव्याकडे याच पाखराला कोंकणीत कोगूळ म्हणतात. मराठीत, कोंकणीत, माळव्यात, कोठेही ते ओरडू लागले की त्याचे कौतुक अवश्य करावे. परंतु मामाच्या, मावशीच्या किंवा परक्याच्या घरी वाढलेल्या मुलाला त्यावरून टोमणा देऊ नये, आणि त्याला भरविणाऱ्या हातांना मूर्ख समजू नये. आपल्या जुन्या शब्दकोशाने त्या दोघांनाही नाव दिले आहे, आणि ती दोन्ही नावे आदराने उच्चारण्यासारखी आहेत.