हॉकिंग यांचा काळाचा बाण: दिशा आत आली कुठून?

काळाच्या दिशेबद्दल आपल्यापैकी बरेच जण पहिल्यांदा वाचतात ते स्टीफन हॉकिंग यांच्या 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' (1988) या पुस्तकात. त्यातलं नववं प्रकरण याच विषयावर आहे. वाचायला झकास, पण युक्तिवाद जरा उकलून बघायला हवा.

आधी चांगलं काय ते. हॉकिंग तीन बाण वेगळे करतात: एन्ट्रॉपी वाढते ती दिशा, आपल्याला काळ सरताना जाणवतो ती दिशा आणि विश्व प्रसरण पावतं ती दिशा. या तिन्ही एकच आहेत असं ते गृहीत धरत नाहीत, त्यांचा संबंध दाखवायला बघतात. ही या प्रकरणाची ताकद. आठवणींचा बाण ते कॉम्प्युटरच्या मेमरीवरून समजावतात. माहिती नोंदवायला ऊर्जा लागते, तिची उष्णता होते, एकूण अव्यवस्था वाढते. म्हणून काळ आपल्याला एन्ट्रॉपी वाढण्याच्या दिशेनेच जाणवतो.

यावरून ते म्हणतात की उष्मागतिकीचा दुसरा नियम जवळजवळ उघडच आहे. इथे मी अडतो. या युक्तिवादाने ठरतं ते एवढंच, की दोन टोकांपैकी कुठल्या टोकाला 'नंतर' म्हणायचं. एका टोकाला एन्ट्रॉपी मुळात इतकी कमी का, हा प्रश्न तसाच राहतो. उताराच्या खालच्या बाजूला 'पुढे' म्हटलं म्हणून उतार का आहे ते कळत नाही.

हॉकिंग यांनाही हे दिसतं, म्हणून ते 'सीमारहित' विश्वाची कल्पना आणतात: सुरुवात गुळगुळीत, सुव्यवस्थित. विश्व आकुंचन पावू लागलं की बाण उलटेल, असं त्यांना आधी वाटायचं. डॉन पेज आणि रेमंड लाफ्लाम यांच्या कामानंतर त्यांनी ते मत सोडलं आणि पुस्तकात मोकळेपणाने तसं लिहिलं. पण तत्त्वज्ञ ह्यू प्राइस यांनी 1989 मध्ये 'नेचर'मध्ये नेमकं बोट ठेवलं. मूळ नियम दोन्ही दिशांना सारखे असतील, तर एकच टोक गुळगुळीत का? माझ्या मते या प्रकरणात त्याचं पटेल असं उत्तर नाही.

ही अडचण जुनीच आहे. बोल्ट्झमन यांनी 1872 मध्ये एन्ट्रॉपी वाढते हे रेणूंच्या टकरींवरून सिद्ध केलं. 1876 मध्ये लोश्मिट यांनी विचारलं, सगळ्या रेणूंचे वेग उलटे केले तर? गोम एका गृहीतकात होती: टकरीच्या 'आधी' रेणूंचे वेग एकमेकांशी संबंध नसलेले असतात. 'नंतर'बद्दल तसं मानलेलं नव्हतं. दिशा तिथेच आत आली होती.

तेव्हा काळाचा बाण 'सिद्ध' करणारा पेपर हातात आला की एक करा. प्रत्येक पायरीवर काळाचं चिन्ह उलटं करून बघा. जी पायरी उलट दिशेने चालत नाही, तिथे लेखकाने काय गृहीत धरलंय ते शोधा. सुरुवात या प्रकरणापासूनच करा, पेन्सिल घेऊन.